बिनपक्षाचा मतदार आणि एबी फॉर्म

आपल्या प्राध्यापकवर्गात एक वाक्य फार अभिमानाने उच्चारले जाते : ‘मी कोणत्याच पक्षाचा नाही.’ अमरावती असो की अकोला, वऱ्हाडातल्या कोणत्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये निवडणुकीच्या तोंडावर ते हमखास कानी पडते, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच तोंडून प्रश्न येतो, ‘मंग, भाऊले तिकीट भेटलं काय?’ तिकीट कोणाला मिळाले याची आपल्याला विलक्षण उत्सुकता असते. ते कोणी द्यावे याविषयी मात्र आपले काही म्हणणे नसते. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे आहे की, कोणत्याही पक्षाचा सभासद नसलेल्या मतदाराने पक्षांच्या उमेदवार-निवडीत भाग घेतला पाहिजे, आणि तो सभासदत्वाची पावती न फाडता घेता आला पाहिजे. हे म्हणणे पक्षवाल्यांना आगाऊपणाचे वाटेल आणि आपल्या बिनपक्षीय मित्रांना ओवळे. भांडण दोघांशीही आहे.

आरंभी शब्दाचा विचार करू, कारण तो आपला धंदा आहे. मराठीत ‘अपक्ष’ हा शब्द उमेदवारासाठी राखून ठेवलेला आहे. अचलपूरने २००४, २००९ आणि २०१४ असा तीन वेळा अपक्ष आमदार निवडून दिला. अमरावतीने २०१९ मध्ये अपक्ष खासदार लोकसभेत पाठवला. परंतु अपक्ष मतदार? त्याच्यासाठी आपल्याकडे ‘तटस्थ’ आहे, ‘काठावरचा’ आहे, ‘कुंपणावरचा’ आहे. यांतला एकही शब्द कर्तृत्वाचा नाही. तटस्थ म्हणजे तीरावर उभा राहून पूर पाहणारा. ज्याला भाषेने नावच दिले नाही, त्याला व्यवस्थेने जागा दिली नाही यात नवल नाही. शिवाय अपक्ष उमेदवाराची वाट शेवटी कोठे जाते तेही आपण पाहिले आहे. २०१९ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून निवडून आलेल्या नवनीत राणा २०२४ मध्ये भाजपच्या चिन्हावर उभ्या होत्या. त्यांनी असे करू नये असे नाही. पण अपक्ष म्हणून दिलेले मत पुढे कोणाच्या दारात उभे राहणार, ही विचारणा मतदाराकडे कधी झाली नाही.

आता एबी फॉर्मकडे येऊ. पक्षाच्या वतीने तिकीट वाटण्याचा अधिकार कोणाला, हे ‘ए’ फॉर्म सांगतो. त्या अधिकाऱ्याने कोणाला तिकीट दिले, हे ‘बी’ फॉर्म सांगतो. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत हे दोन कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पडले की लाखो मतदारांपुढची निवड ठरून जाते. हे कागद कोणत्या विचाराने, कोणाला विचारून भरले जातात याविषयी आपला कायदा मौन पाळतो. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातील कलम २९-अ पक्षाकडून संविधानावरील निष्ठेची ग्वाही घेते. उमेदवार कसा निवडला हे विचारत नाही. विधी आयोगाने आपल्या १७० व्या अहवालात, १९९९ साली, पक्षांतर्गत लोकशाही कायद्याने बंधनकारक करावी अशी शिफारस केली होती. ती तशीच राहिली. दुसरीकडे १९८५ साली संविधानाला दहावे परिशिष्ट जोडले गेले आणि निवडून गेलेला आमदार पक्षादेशाने बांधला गेला. या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. सभागृहात माझ्या प्रतिनिधीचे मत पक्षाचे, आणि माझा प्रतिनिधी कोण हे ठरवणारेही पक्षाचे. मधल्या एका दिवशी बोटाला शाई लावून घेण्यापुरता मी स्वतंत्र.

अकोल्याच्या लोकसभा मतदारसंघाचे उदाहरण घ्या. २००४ पासून २०१९ पर्यंत चार वेळा संजय धोत्रे निवडून आले आणि २०२४ मध्ये त्यांचे चिरंजीव अनुप धोत्रे. प्रत्येक वेळी लढत तिरंगी झाली आणि प्रत्येक वेळी निकाल एकाच बाजूला गेला. मतदारांनी रीतसर मत देऊन त्यांना निवडले, तेव्हा तक्रार निकालाविषयी नाही. परंतु जेथे एका चिन्हाचा विजय वीस वर्षे इतका स्थिर आहे, तेथे त्या चिन्हावर कोण उभा राहणार हा निर्णय हीच खरी निवडणूक असते. ती बंद खोलीत होते आणि आपण मतदानाच्या दिवशी तिच्या निकालावर शिक्का मारतो. पन्नास-साठच्या दशकांत विदर्भात काँग्रेसची जी स्थिती होती, तीही याहून वेगळी नव्हती. पक्ष बदलला, खोली तीच राहिली.

अमेरिकेत टेक्सास राज्यात हेच फार उघड्या स्वरूपात घडले होते. तेथे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार म्हणजे निवडून आलेलाच, अशी परिस्थिती. पक्षाने उमेदवार निवडण्यासाठी प्रायमरी ठेवली, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदानाने ठरवण्याची निवडणूक, पण तीत कृष्णवर्णीयांना मज्जाव केला. युक्तिवाद असा की, पक्ष ही खासगी संस्था आहे, आपला सभासद कोण हे ती ठरवील; अंतिम निवडणुकीत कृष्णवर्णीयांनी खुशाल मत द्यावे. १९३५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे मान्यही केले. ह्यूस्टनचे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी लावलेल्या दाव्यात १९४४ साली त्याच न्यायालयाने आपला आधीचा निर्णय फिरवला आणि प्रायमरी हा निवडणुकीचाच भाग आहे असे ठरवले. वर्णद्वेषाने बाहेर ठेवलेला मतदार आणि आपखुशीने बाहेर राहिलेला प्राध्यापक यांना एका मापाने मोजण्याचा हेतू येथे नाही. तसे करणे निर्लज्जपणाचे ठरेल. पण ‘उमेदवार ठरवणे ही आमची घरातली बाब’ हा युक्तिवाद कोठे नेऊन सोडतो ते त्या खटल्याने दाखवले आहे.

आपल्याकडेही एकदा हा प्रयोग झाला, आणि तो आपल्या अंगणात झाला, हे आपल्यापैकी कितीजणांना आठवते? २०१४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी राहुल गांधी यांच्या पुढाकाराने काँग्रेसने देशातील मोजक्या मतदारसंघांत प्रायमरी घेतली. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा. आता वर्धा लोकसभा मतदारसंघात धामणगाव रेल्वे आणि मोर्शी हे अमरावती जिल्ह्यातले दोन विधानसभा मतदारसंघ येतात. म्हणजे हा प्रयोग अमरावतीकरांच्याही दारात आला होता. पण त्यात मत कोणाला होते? पक्षाच्या समित्यांचे पदाधिकारी, आघाड्यांचे पदाधिकारी, पक्षाचे निवडून आलेले लोकप्रतिनिधी. मोर्शीचा संत्राबागाईतदार किंवा धामणगावचा शिक्षक, जो कधी काँग्रेसला मत देतो आणि कधी देत नाही, ज्याच्या मतावर निवडणूक फिरते, तो या यादीत नव्हता.

मग जे व्हायचे ते झाले. मुख्य लढत झाली ती तत्कालीन खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे आणि प्रभा राव यांच्या कन्या चारुलता टोकस यांच्यात. लोकशाहीचा नवा प्रयोग, आणि मतपत्रिकेवर दोन जुनी घराणी. मेघे जिंकले. पुढे लोकसभेत भाजपचे रामदास तडस यांनी त्यांचा दोन लाखांहून अधिक मतांनी पराभव केला, आणि त्याच वर्षी मेघे पितापुत्र भाजपमध्ये गेले. ज्या पक्षाच्या शेकडो पदाधिकाऱ्यांनी मोठ्या गाजावाजाने त्यांना निवडले होते, तो पक्ष त्यांनी काही महिन्यांत सोडला. २०१९ मध्ये प्रायमरीत हरलेल्या टोकस यांना तिकीट मिळाले, तेव्हा वर्ध्यात प्रायमरी नव्हती; त्याही पराभूत झाल्या. २०२४ मध्ये जागा आघाडीत शरद पवारांच्या पक्षाकडे गेली, तेव्हा काँग्रेसचे माजी आमदार अमर काळे त्या पक्षात जाऊन उभे राहिले आणि निवडून आले.

वर्ध्याच्या या कथेवरून ‘पाहा, प्रायमरी फसली’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. प्रायमरी कशावरून फसली? फसली ती बंद यादी. ज्या यादीतली बहुतेक नावे एखाद्या नेत्याने कधीकाळी स्वतःच पदावर नेमलेली असतात, त्या यादीला विचारून त्या नेत्याच्या घराविषयी वेगळे उत्तर कसे मिळणार? उत्तरपत्रिका तपासणाराच परीक्षार्थी नेमू लागला तर निकाल काय लागेल, हे परीक्षा विभागात काम केलेल्यांना सांगायला नको. १५ लाखांहून अधिक मतदारांच्या मतदारसंघात उमेदवार कोण आवडतो हे पदाधिकाऱ्यांना विचारले गेले, आणि त्यांनी पदाधिकाऱ्यांना आवडणारा उमेदवार दिला.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याकडून. तो म्हणतो, ‘तीस वर्सं झेंडे आमी लावले, केसेस आमच्यावर झाल्या, अन् उमेदवार ठरवाले सर येणार?’ या प्रश्नात खरे दुःख आहे आणि त्याची टवाळी करणे आपल्यासारख्या पगारदाराला शोभत नाही. उन्हाळ्याच्या सभेला माणसे जमवणारा, रात्री दोन वाजता मतदारयादीच्या चिठ्ठ्या फाडणारा तो असतो. आपण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचतो. पण त्याला उलट विचारावेसे वाटते : आज तुला तरी मत आहे काय? अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री दुसऱ्या पक्षातून आलेल्या माणसाच्या हाती एबी फॉर्म पडतो, तेव्हा तुझ्या तीस वर्षांना कोण विचारते? कार्यकर्त्याला आजवर हरवले ते बाहेरच्या मतदाराने नव्हे. पक्षातल्याच वरच्या चार माणसांनी हरवले. चारशे पदाधिकाऱ्यांची यादी एका रात्रीत एका फार्महाऊसवर नेता येते. चाळीस हजारांची नेता येत नाही. यादी जितकी रुंद, तितका पैसा आणि नाते यांचा भाव उतरतो, आणि गावोगाव ज्याला लोक ओळखतात त्याचा भाव चढतो. आणि गावोगाव ओळखला जाणारा माणूस बहुधा सतरंज्या उचलूनच मोठा झालेला असतो. (पैसा अजिबात चालणार नाही असा भाबडा दावा मी करीत नाही. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांविषयी जी चर्चा आपल्याच वर्तुळात चालते, ती ऐकल्यावर शिकलेला मतदार पाकिटाला शिवत नाही असे म्हणण्याची आपली स्थिती नाही.)

आणि ‘बाहेरचा’ म्हणजे कोण, हेही एकदा स्पष्ट व्हावे. बाहेर ठरवायला आत माहीत असावे लागते. शिवसेना कोणाची या वादात निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निर्णय दिला, तेव्हा पक्षाची घटना लोकशाहीला धरून नाही असे आयोगाने म्हटले आणि संघटनेतले बहुमत बाजूला ठेवून आमदार-खासदारांच्या संख्येवर पक्षाचे नाव व चिन्ह एका गटाला दिले. राष्ट्रवादीच्या बाबतीत ६ फेब्रुवारी २०२४ च्या आदेशातही शेवटी विधिमंडळातले संख्याबळच निर्णायक ठरले. या निर्णयांविषयी मते काहीही असोत. महाराष्ट्रातल्या दोन मोठ्या पक्षांत ‘आतले’ कोण हे संघटना मोजून ठरवता आले नाही, हे त्या दोन्ही आदेशांचे तात्पर्य आहे. ज्या घराला भिंतीच सापडत नाहीत, त्या घराने उंबरठ्यावर पाहुण्याला अडवून ‘तू परका’ म्हणावे, हे मोठे मौजेचे आहे.

पक्षाच्या खासगीपणाला जगात आधार नाही असे मात्र नाही. २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅलिफोर्नियातली सर्वांना खुली असलेली प्रायमरी रद्द केली. राज्याने परक्या मतदारांना पक्षावर लादू नये, असे त्याचे म्हणणे. हा मुद्दा मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी येथे सक्तीचा कायदा मागत नाही. पक्षांनी स्वतः दार उघडावे आणि ते उघडेपर्यंत आपण ठोठवावे, इतकेच मागणे आहे. तरीही आपले पक्ष कितपत खासगी आहेत? त्यांच्या उत्पन्नाला आयकरातून सूट आहे. मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर प्रचारासाठी मोफत वेळ मिळतो आणि चिन्ह राखून ठेवले जाते, आणि पक्षादेशाला तर संविधानाचेच बळ आहे. एवढे सार्वजनिक खाऊन खासगी राहता येत नाही.

शेजारच्या पक्षाचे लोक येऊन मुद्दाम पडेल उमेदवार निवडतील, ही भीतीही दाखवली जाते. तिच्यात तथ्य थोडे आहे आणि उपाय सोपा आहे : सर्व पक्षांनी एकाच दिवशी प्रायमरी घ्यावी आणि मतदाराने एकाच पेटीत मत टाकावे. एरवी पडेल उमेदवार देण्याचे सौदे आपल्याकडे प्रायमरीवाचूनही होतात, असे प्रत्येक निवडणुकीनंतर हरलेलेच सांगत असतात.

इंग्लंडमध्ये टॉटनेस मतदारसंघात हुजूर पक्षाने २००९ साली केले ते आपल्याला जवळचे वाटावे. पक्षाने मतदारसंघातल्या प्रत्येक मतदाराच्या घरी टपालाने मतपत्रिका पाठवली. सभासदत्व नको, जाहीर सही नको. सोळा हजारांहून अधिक मतपत्रिका परत आल्या आणि सारा वोलास्टन नावाच्या एक स्थानिक डॉक्टर, ज्यांची राजकारणात काही ओळख नव्हती, त्या उमेदवार ठरल्या आणि २०१० मध्ये निवडून आल्या. २०१९ मध्ये ब्रेक्झिटच्या वादात त्यांनीही पक्ष सोडला, हे सांगितलेच पाहिजे. मेघ्यांचे पक्षांतर सांगायचे आणि त्यांचे लपवायचे, हा अप्रामाणिकपणा होईल. फरक इतकाच की, एकाने पराभवानंतर काही महिन्यांत पक्ष सोडला, आणि दुसरीने नऊ वर्षे तिथे बसून, पक्षाशी उघड भांडून सोडला.

फ्रान्समध्ये समाजवादी पक्षाने २०११ साली याहून वेगळी वाट धरली. एक युरो द्यावा, डाव्या मूल्यांच्या निवेदनावर सही करावी आणि मत द्यावे. पंचवीस लाखांहून अधिक लोक आले. ही वाट आकर्षक आहे, पण आपल्याकडे ती नको, आणि त्याचे कारण वऱ्हाडातल्या गावांत आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याला राजकीय पक्षाचा सभासद होता येत नाही. तलाठी, आरोग्यसेविका, तहसील कार्यालयातला कारकून हे सगळे सहीच्या अटीने कायमचे बाहेर राहतील. ज्यांना नियमानेच बिनपक्षाचे ठेवले आहे, त्यांच्यासाठी गुप्त मतदान आणि सहीवाचून प्रवेश एवढीच वाट उरते. खर्च पक्षाने करावा. प्रचारसभेच्या मंडपावर जो होतो, त्याहून तो फार मोठा नसेल.

आता आपल्या घरात येऊ, कारण साहित्याच्या विद्यार्थ्यांशी बोलताना राजकारण्यांवर आसूड ओढणे फार सोपे असते. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाची निवड वर्षानुवर्षे कशी होत होती? घटक संस्थांनी ठरवून दिलेल्या, हजाराच्या आसपास मतदारांच्या मताने. मराठी वाचणारे कोट्यवधी. अध्यक्ष निवडणारे एका लग्नाच्या पंगतीएवढे. त्या यादीवरून, एकगठ्ठा जमा होणाऱ्या मतपत्रिकांवरून, उमेदवारांच्या गावोगावच्या वाऱ्यांवरून आपण किती लेख लिहिले! यादी लहान आहे म्हणून ती गोळा करता येते, हे निदान सर्वांना दिसत होते. मग उपाय काय झाला? यादी रुंद करावी, ग्रंथालयांच्या वाचक-सभासदांना, शिक्षकांना, मराठी एम.ए.च्या विद्यार्थ्यांना मत द्यावे, असे कोणाच्या मनात बळावले नाही. २०१८ मध्ये महामंडळाने निवडणूकच काढून टाकली. तेव्हा महामंडळाचे कार्यालय नागपूरला, विदर्भ साहित्य संघाकडे होते. ज्या संघाची स्थापना १९२३ साली आपल्या अमरावतीत झाली, त्याच्याकडे.

पुढच्याच, जानेवारी २०१९ च्या यवतमाळ संमेलनाला अरुणा ढेरे अध्यक्ष म्हणून लाभल्या आणि आपण सगळे आनंदलो. आनंद रास्तच होता. पण चांगले नाव आले म्हणून पद्धत चांगली ठरत नाही. श्रेष्ठींनी कधीकधी चांगला उमेदवारही दिलेला असतो. त्याच संमेलनाच्या उद्घाटक नयनतारा सहगल यांचे निमंत्रण रद्द झाले, तेव्हा थोड्या माणसांनी ठरवलेले थोड्या माणसांनी कसे मोडता येते, हे दिसून आले. वाचक तेव्हा कोणाकडे दाद मागणार होता? त्याने कोणाला निवडलेच नव्हते. त्यानंतर उस्मानाबाद, नाशिक, उदगीर, वर्धा, अमळनेर, दिल्ली अशी संमेलने झाली, सर्व अध्यक्ष नियुक्त. थोडक्यात, जी पद्धत राजकीय पक्षांत आपल्याला लोकशाहीद्रोही वाटते, ती आपल्या संस्थेत आपण ‘सन्मान’ या नावाने स्वीकारली आणि टाळ्या वाजवल्या. जो वर्ग वाचकाला अध्यक्ष निवडू देत नाही, तो मतदाराला उमेदवार निवडू द्या असे पक्षांना कोणत्या तोंडाने सांगणार?

एवढे ऐकल्यावर बिनपक्षीय मित्राचे शेवटचे उत्तर ठरलेले असते : ‘आपल्याले काय करा लागते? नोटा आहे ना.’ सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयाने ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आले, आणि लोकसभा-विधानसभेत त्याला कितीही मते पडली तरी उरलेल्यांत ज्याला अधिक मते तोच निवडून येतो. म्हणजे स्वयंपाक झाल्यावर, पाने मांडल्यावर, ‘यातले काहीच आवडत नाही’ असे पुटपुटण्याची ही सोय आहे. भाजी निवडण्याच्या वेळी मात्र हा गृहस्थ ‘मी स्वयंपाकघरात जात नाही’ म्हणून ओसरीवर बसलेला असतो. पक्षाच्या दारात जाऊन उमेदवार सुचवणे म्हणजे चारित्र्याला डाग, आणि त्याच पक्षाच्या उमेदवाराला पुढे गुपचूप मत देणे म्हणजे नागरिकाचे कर्तव्य, हा सोवळ्याचा कोणता प्रकार?

पुढच्या निवडणुकीआधी पक्षांचे निरीक्षक अमरावतीच्या आणि अकोल्याच्या विश्रामगृहांवर येतील, इच्छुकांच्या मुलाखती घेतील आणि नावांचा लखोटा घेऊन मुंबईला परततील. त्या दिवशी प्रत्येक मोठ्या पक्षाच्या निरीक्षकाला आपल्या गावातल्या बिनपक्षाच्या मतदारांनी, शिक्षकांनी, वकिलांनी, दुकानदारांनी एक लेखी निवेदन द्यावे, की इच्छुकांची नावे जाहीर करा आणि निदान एका विधानसभा मतदारसंघात सर्व मतदारांना मतपत्रिका द्या. आणि त्याच आठवड्यात तसलेच दुसरे निवेदन विदर्भ साहित्य संघालाही द्यावे, वाचकांच्या मताविषयी. पहिल्या निवेदनावर सह्या मिळायला किती वेळ लागतो आणि दुसऱ्यावर किती, ते मला पाहायचे आहे.